आतली पण माणसंच: जेल, कैदी आणि त्यांच्या घरच्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण आर्थर रोड आणि भायखळ्याच्या जेलबाहेर मुलाकातीला येणाऱ्या घरच्यांना फॉर्म भरायला, कागद समजून घ्यायला, फुकट मिळणारा वकील गाठायला मदत करतो. प्रश्न दोन बाजूंनी येतात. रांगेतली माणसं विचारतात कारण त्यांचं कोणीतरी आत आहे, आणि आमचेच नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक विचारतात की अशा लोकांसाठी तुम्ही वेळ कशाला घालवता. दोघांसाठीही लिहिलंय. क्रम काही खास नाही, जे जास्त विचारलं जातं त्यावर जास्त लिहिलंय.

जेलमध्ये आहे म्हणजे काहीतरी केलंच असेल ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि चांगली शिकलेली माणसं विचारतात. तर आधी आकडा बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या शेवटी देशभरच्या जेलमध्ये ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारातल्या तिघांचा खटला अजून संपलेला नाही. त्यातले काही दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील, कोण कुठला ते आज कोणालाच सांगता येत नाही, तेवढ्यासाठीच तर कोर्ट आहे. आर्थर रोड तर मुख्यतः कच्च्या कैद्यांचंच जेल आहे, त्यामुळे तिथे ज्या बापाला, ज्या भावाला भेटायला लोक येतात त्याला अजून कोणी गुन्हेगार ठरवलेलंच नसतं, पण चाळीत मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेलं असतं.

आणि समजा केलंय. कोर्टाने दोन वर्ष दिली, सात वर्ष दिली, जन्मठेप दिली. मग शिक्षा नक्की काय आहे? बाहेर यायचं नाही, ही शिक्षा आहे. मार खायचा, ताप आला तर गोळी नाही मिळायची, झोपायला कूस बदलण्याएवढी पण जागा नाही, आई गेली तर चार दिवसांनी कळणार, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं. कैदी झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये आंध्रच्या एका केसमध्ये सांगितलं आणि नंतर परत परत सांगितलंय. स्वातंत्र्य काढून घेतलं, बाकी माणूसपण त्याच्याकडेच राहिलं. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे, खालची सगळी उत्तरं त्यातूनच आलीत.

जामीन असतो ना मग? जामीन मिळालेला माणूस पण आतच कसा?

कारण जामीन मिळणं वेगळं आणि जामीन भरणं वेगळं. कोर्टाने ऑर्डर केली, पंधरा हजाराचा जामीन, एक जामीनदार. आता जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे, रेशनकार्ड आहे, घराचे कागद आहेत, आणि जो तुमच्यासाठी कोर्टात येऊन सॉल्व्हन्सीचे म्हणजे ऐपतीचे कागद काढायच्या फेऱ्या मारायला तयार आहे. लालबागमध्ये जन्मलेल्या माणसाला पण असा माणूस पटकन मिळत नाही, तर मग जो लातूरहून, यूपीतल्या बस्तीहून, बंगालमधल्या मुर्शिदाबादहून येऊन नाक्यावर बिगारी काम करत होता, पाच जणांत एक खोली घेऊन राहत होता, त्याला कुठून मिळणार? त्याच्या शेठने तर पहिल्या दिवशी फोन उचलायचं बंद केलेलं असतं. असा माणूस किरकोळ चोरीच्या केसमध्ये जामिनाची ऑर्डर हातात असून महिनोन् महिने आत बसतो आणि त्याच गुन्ह्यातला पैसेवाला आठवड्यात घरी असतो. गुन्हा तोच, कायदा तोच, फरक फक्त खिशाचा. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास ह्याचा होतो.

आता काय करता येतं ते सांगते, नीट वाचा.

कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ मध्ये तसं लिहिलंय. हेल्पलाइन आहे १५१००. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, आतून कैद्याला पण करता येतो. वकील फुकट आहे म्हणजे कामाचा नाही असं समजू नका, आम्ही त्यांच्यातले फार मन लावून काम करणारे बघितलेत.

ऑर्डर झाल्यावर जातमुचलक्यावर म्हणजे जामीनदार न घेता स्वतःच्याच हमीवर सोडा, किंवा जामीनदाराऐवजी कॅश घ्या, किंवा रक्कम कमी करा असा अर्ज करता येतो. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. ही तारीख वकिलाला सांगा.

२०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना पण आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि पक्क्या म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते, २०२३ मध्ये ही मर्यादा ४०,००० आणि २५,००० रुपये होती. सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही, पण विचारायला काय हरकत आहे.

आणि नव्या कायद्यातलं, बीएनएसएसचं म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे त्याची अर्धी कच्चा कैदी म्हणून भोगून झाली तर जामीन, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश झाली तरी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागत नाही, एकापेक्षा जास्त केस चालू असतील तरी लागत नाही. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, त्याच्या आधीच्या केसेसना पण हे कलम लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं. अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांवर टाकलीय, पण घरच्यांनी महिने मोजून वकिलाला आठवण करून दिलेली बरी.

आमच्या माणसाला उचललंय, तो कुठे आहे तेच कळत नाहीये.

घाबरू नका, पोलीस स्टेशनला जाऊन एफआयआर नंबर आणि कोर्टाचं नाव घ्या. पोलीस कोठडीत म्हणजे पीसीआरमध्ये असेल तर तो त्या स्टेशनच्या ताब्यात असतो. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की जेलला जातो, मुंबईतल्या पुरुषांना बहुतेक आर्थर रोड, जागा नसेल तर तळोजा, ठाणे किंवा कल्याणचं आधारवाडी, बायकांना भायखळा. कुठल्या जेलला पाठवलं ते कोर्टाच्या कागदावर असतं. एफआयआरची कॉपी, रिमांडचे कागद, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरात एकाच माणसाकडे ठेवा.

पहिल्यांदा मुलाकातीला जायचंय. काय लागतं?

ओळखपत्र, आतल्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, असेल तर यूटी नंबर म्हणजे जेलने कच्च्या कैद्याला दिलेला नंबर. ऑनलाइन ई-मुलाकातचं बुकिंग असतं, सायबरवाला किंवा शेजारचं कॉलेजचं पोरगं करून देईल. वार आणि वेळा प्रत्येक जेलच्या वेगळ्या असतात आणि बदलतात, म्हणून सुट्टी टाकून जायच्या आधी विचारून घ्या. घरचं जेवण आत घेत नाहीत, डबा घेऊन आलेल्या आयांना परत जाताना बघवत नाही म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पैसे मनी ऑर्डरने पाठवता येतात, त्यातून तो कँटीनमधून साबण, बिस्किट, टूथपेस्ट घेतो.

मध्ये काच असते आणि फोनसारखा रिसीव्हर असतो, आजूबाजूला दहा जण एकदम ओरडून बोलत असतात. वेळ कमी असतो. त्यामुळे काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या, वकिलाचं काम आधी, मग घरचं. बरेच जण पहिल्या मुलाकातीत नुसते रडतात आणि वेळ संपतो, त्यात पण काही चुकीचं नाही, पुढच्या वेळी बोलाल.

आणि रांगेत आजूबाजूला बघा. एक बुरख्यातली आजी, एक नऊवारीतली मावशी, एक सुटाबुटातला माणूस जो सगळ्यांपासून लांब उभा असतो, आणि अर्ध्या तासात तोच माणूस आजीचा फॉर्म भरून देत असतो. मुंबईत इतकी सरमिसळ झालेली रांग आम्ही तरी दुसरी बघितली नाही. कोणी कोणाला विचारत नाही तुमच्या माणसाने काय केलं, विचारतात तारीख कधी आहे.

आत दिवस कसा जातो?

सकाळी बराक उघडते, गिनती होते, चहा नाश्ता, मग जेवण लवकरच, चपाती डाळ भाजी भात, आणि संध्याकाळचं जेवण पण उजेड असतानाच वाटतात, मग परत गिनती आणि टाळाबंदी. म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत बराकीतच. बाहेरचे लोक विचार करतात की जेल म्हणजे सतत मारामारी. तसं काही नसतं, जास्त करून वाट बघणं असतं. तारखेची वाट, पार्टीची वाट म्हणजे कोर्टात घेऊन जाणाऱ्या पोलिसांची, ती आली नाही तर तारीख गेली. वकिलाची वाट, मुलाकातीची वाट, नळाची वाट.

आणि गर्दी. आर्थर रोड शंभरएक वर्ष जुनं, ब्रिटिशांनी बांधलेलं, तिथली मंजूर जागा वर्षानुवर्ष आठशेच्या आसपास सांगितली जायची आणि आत माणसं तीन हजारांच्या आगेमागे. विरार लोकलच्या डब्यात सकाळी जसं उभं राहता तसं रात्री झोपून बघा, आणि उतरायचं स्टेशनच नाही. मे महिन्यात त्या बराकीत काय होत असेल. एकाला खरूज झाली की सगळ्यांना होते. कोरोनात मे २०२० मध्ये ह्याच जेलमध्ये थोड्या दिवसांत शंभराहून जास्त कैद्यांना लागण झाली, सोबत कर्मचाऱ्यांना पण झाली. कर्मचाऱ्यांचं मुद्दाम लिहितोय, कारण शिपाई पण त्याच हवेत ड्युटी करतात, माणसं कमी म्हणून डबल करतात, आणि त्यांच्याबद्दल कोणीच काही विचारत नाही.

ह्या सगळ्यात माणसं माणसांसारखीच वागतात. नवीन आलेला पोरगा रात्री रडतो तर शेजारचा त्याला पाणी देतो, ज्याला लिहिता येतं तो सगळ्यांचे अर्ज लिहून देतो, रोजे असतील तर बाकीचे सांभाळून घेतात, गणपतीत आरती होते. दादागिरी पण असते, पैशावर जागा मिळते, दुबळ्याला त्रास देतात, ते नाही म्हणणार नाही. बाहेर तरी काय वेगळं आहे?

पत्र लिहिलं तर पोचतं का? काय लिहू?

पोचतं. उघडून वाचतात, त्यामुळे केसबद्दल काही लिहू नका. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, यूटी नंबर, बराक माहिती असेल तर ती, आणि जेलचा पत्ता. फोनची सोय पण बऱ्याच जेलमध्ये झालीय, पण पत्राचं वेगळं आहे. फोन संपतो, पत्र उशाखाली राहतं आणि परत परत वाचता येतं.

काय लिहायचं ह्यावर लोक फार अडतात. "धीर धर, देव बघतोय" एवढं लिहून थांबतात. आम्ही सांगतो की घरातलं रोजचं लिहा. पाणी आता पाचला येतं आणि साडेपाचला जातं. तुझ्या पोरीला गणितात चौदा मिळाले वीसपैकी. खालच्या मजल्यावरचा कुत्रा अजून तुझ्या दाराशी बसतो. मंडळाचा पाटपूजनाचा कार्यक्रम झाला, ढोल तुझ्या मित्राने वाजवला आणि ताल चुकवला. आतल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती ही असते की आपल्यावाचून सगळं चालू राहिलं आणि आपल्याला कोणी त्यात धरत नाही. असं पत्र आलं की तो त्या घरात अजून आहे. घरातले निर्णय पण विचारा त्याला, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, गॅस कुठून घ्यायचा. तो बाप आहे अजून.

आणि पत्राची ताकद कमी समजू नका. तिहारमध्ये सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता, त्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि ते स्वतःसाठी नाही, शेजारच्या एका कैद्याचा एका वॉर्डरने अमानुष छळ केला म्हणून. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्यावर निकाल दिला, कैद्यांच्या हक्कांच्या केसमध्ये तो आजही वाचून दाखवतात. ज्याला उद्या फाशी होऊ शकते तो माणूस दुसऱ्याच्या अंगावरच्या जखमेसाठी कागद पेन शोधतो. माणुसकी संपलेली असते म्हणणाऱ्यांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

मुलाला काय सांगायचं? सध्या "पप्पा दुबईला गेलेत" सांगितलंय.

जवळजवळ सगळेच असंच काहीतरी सांगतात, गावाला गेलेत, बोटीवर गेलेत. आई म्हणून, आजी म्हणून तुम्ही का सांगता ते कळतं. पण मुलाला कळतं हो. चाळीत कोणीतरी बोलतंच, शाळेत कोणीतरी चिडवतंच, आणि मग त्याला दोन गोष्टी एकदम कळतात, बाप जेलमध्ये आहे आणि घरचे खोटं बोलतात. दुसरी जास्त लागते.

वयाप्रमाणे सांगा. लहान असेल तर एवढं पुरतं की पप्पांवर एक आरोप आहे, कोर्टात ठरायचंय, तोपर्यंत त्यांना तिथे राहावं लागेल, तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही. शेवटचं वाक्य नक्की बोला, मुलं स्वतःलाच दोष देतात, मी अभ्यास केला नाही म्हणून पप्पा गेले असं वाटून घेणारी मुलं आहेत. मोठं असेल तर जे खरं आहे ते सांगा, आणि आतल्याचा दोष असेल तर तो लपवू नका, पण त्याच्यावरचं प्रेम पण लपवू नका. आमच्या मते मुलाकातीला नेलं तर बरं, आधी काच असेल, हात लावता येणार नाही एवढं समजावून. शाळेत एखाद्या विश्वासाच्या बाईंना सांगून ठेवा.

बायका आत असतील तर?

बायकांचं जास्त वाईट असतं, कारण त्यांना भेटायला कोणी येत नाही. नवरा आत गेला की बायको, आई, बहीण रांगेत उभी राहते. बायको आत गेली की नवरा दोन महिने येतो, मग येत नाही, सासर संबंध तोडतं, माहेर म्हणतं आमच्या दुसऱ्या मुलीचं लग्न व्हायचंय.

सहा वर्षापर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं, २००६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्याची नीट नियमावली झाली, त्या मुलांना कैद्यासारखं वागवायचं नाही, खाणं, डॉक्टर, पाळणाघर द्यायचं. आणि मूल आतच जन्मलं तर जन्मदाखल्यावर जेल असं लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. दाखला हातात आला की एवढं तपासा, चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, त्या मुलाला तो कागद जन्मभर दाखवायचाय.

भायखळ्याच्या जेलमध्ये जून २०१७ मध्ये एका कैदी बाईचा मृत्यू झाला, जेलच्याच कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. भांडण अंडी आणि पाव कमी पडले ह्यावरून सुरू झालं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. ती स्वतः खुनाच्या केसमध्ये शिक्षा भोगत होती, म्हणजे बाहेरच्या हिशोबाने तिच्यासाठी रडायला कोणी नको. पण आतल्या बायका छपरावर चढल्या, ओरडल्या, आणि त्यांनी ते दाबू दिलं नाही, वर दंगलीचा गुन्हा अंगावर घेतला. तिची माणसं त्या होत्या.

टिळक, साने गुरुजी जेलमध्ये गेले ते वेगळं. ह्यांची तुलना कशाला?

कारण वेगळं होतं, बरोबर, आणि तुलना आम्ही कर्तृत्वाची करतच नाही. पण दार बंद झाल्यावर माणसाला जे होतं ते सगळ्यांना सारखंच होतं. टिळकांना १९०८ मध्ये इथेच मुंबईच्या हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला नेलं, आणि १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या तेव्हा ते तिकडे होते, शेवटचं बघणं नाही. आज कुर्ल्याच्या एखाद्या माणसाची आई जाते आणि तो बराकीत बसून असतो, त्याचं पोटात तुटणं काय कमी प्रतीचं असतं? पक्क्या कैद्याला अशा वेळी अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मागता येतो, संचित रजा म्हणजे फर्लो वेगळी. कच्च्या कैद्याला कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि पुष्कळदा पोलीस एस्कॉर्टच्या खर्चावर अडतं. खर्च माफ करा असा अर्ज त्याच दिवशी सोबत द्या.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, ऐकायला कैदी बसायचे. आर्थर रोडचं आजचं नाव साने गुरुजी मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलं तर कदाचित कळणार नाही, पण जेलच्या पत्त्यात तेच आहे.

आत राहून वाचन, शिक्षण वगैरे खरंच होतं?

होतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं राज्यातल्या मोठ्या जेलमध्ये आहेत, पक्के कैदी पदवी घेतात. कच्च्या कैद्याला अवघड जातं, आज इथे उद्या तळोजाला.

एक केस मराठी माणसाला माहिती असायलाच पाहिजे. प्रभाकर संझगिरी साठच्या दशकात भारत संरक्षण नियमाखाली मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी अणूच्या विज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. छापायला हस्तलिखित बाहेर पाठवतो म्हटलं तर सरकारने नाही सांगितलं. ते हायकोर्टात गेले आणि जिंकले, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६५ मध्ये हरलं. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक पाठवायची बंदी नाही, मग तुम्ही अडवायचं नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण कैद्याच्या डोक्यातला विचार पण सरकारच्या ताब्यात नसतो हे त्यातून कायमचं ठरलं.

जेलमध्ये पण जात बघतात?

नियमातच होती. बऱ्याच राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे जातीवरून ठरवता येईल अशी कलमं होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता ह्यांनी ते उघडं केलं, याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली, रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजण्यावर पण कोर्ट बोललं. आपल्याकडे पारध्याचं पोरगं स्टेशनवर दिसलं की पहिलं त्यालाच उचलतात, त्यांना हा निकाल माहिती हवा.

मतदान करता येतं का?

नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे कच्च्या कैद्याला पण नाही, फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्याला करता येतं. जामिनावर बाहेर असलेला करू शकतो. आमच्या मते हे चुकीचं आहे, कच्च्या कैद्याच्या बाबतीत तर नक्कीच.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय? त्याच्याबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही.

हा प्रश्न रागाने विचारतात आणि तो राग आम्हाला मान्य आहे. ज्या आईचा मुलगा मारला गेला, जिच्यावर अत्याचार झाला, तिने माफ करावं असं सांगायचा आम्हाला काही अधिकार नाही, कोणालाच नाही. तिला आधार, पैसा, लवकर निकाल मिळायला हवा. राज्यात २०१३ पासून बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे, त्याचा अर्ज पण विधी सेवा प्राधिकरणामार्फतच होतो, तिथे पण आम्ही लोकांना नेतो.

पण आरोपीला बराकीत माणूस म्हणून वागवलं नाही तर तिला काय मिळतं हे सांगा. खटला दहा वर्ष रखडला तर दोघांचं नुकसान, त्याचं पण आणि तिचं पण. आणि ज्याने खरंच वाईट काम केलंय त्याला ते कळावं, त्याची टोचणी लागावी असं वाटत असेल तर त्यासाठी तो आतून माणूस राहायला लागतो. रोज लाथ खाणाऱ्याला स्वतःची कीव येते, समोरच्याचं दुःख आठवत नाही. काही जण शेवटपर्यंत बदलत नाहीत, हे पण बघितलंय. त्यांना पण पाणी, औषध, झोपायला जागा द्यायलाच लागते, चांगले आहेत म्हणून नाही, माणूस आहेत म्हणून.

फुकट जेवण मिळतं, आमच्या टॅक्सवर मजा करतात.

एकदा मुलाकातीच्या दिवशी येऊन बाहेर पडणाऱ्या बायकांचे चेहरे बघा. आणि कमावणारा आत गेला की बाहेर घरच्यांचं भाडं, शाळा, किराणा सगळं थांबतं, त्याचा खर्च कोणाच्या टॅक्समधून होत नाही.

सुटून आला. आता?

सुटायची वेळ आधी समजून घ्या. आर्थर रोडच्या गेटवर जामिनाच्या ऑर्डरसाठी पेटी असते, ती ठरलेल्या वेळीच उघडते, वेळ चुकली की अजून एक रात्र, २०२१ मधल्या एका गाजलेल्या केसमुळे ही पेटी देशभर माहिती झाली. आता ऑर्डर ईमेलने पण जाते, पण वकिलाकडून ऑर्डर पोचली का ते विचारून घ्या. आणि कोणीतरी न्यायला जा. ज्याला न्यायला कोणी नसतं तो पिशवी घेऊन जेकब सर्कलला उभा राहतो, मोबाईल नाही, पैसे नाहीत, नंबर पाठ नाहीत, आणि मग त्याला न्यायला जुनेच दोस्त येतात. पुढचं तुम्हाला कळतंच.

घरी आल्यावर पहिले दिवस तो विचित्र वागेल. पहाटे उठून बसेल, जेवण भराभर संपवेल, दार बंद केलं तर घाबरेल, रस्ता क्रॉस करायला बिचकेल. प्रश्न विचारू नका, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. आधारकार्ड, बँक, सिम, ही कामं सोबत जाऊन करा. तारखा चुकवू नका, जामीन रद्द होतो.

कामाचं सगळ्यात कठीण. पोलीस व्हेरिफिकेशनला अडतं, निर्दोष सुटला तरी अडतं, सोसायट्या ड्रायव्हर म्हणून ठेवत नाहीत. टाटा इन्स्टिट्यूटचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत ह्याच कामात आहे, आत पण आणि सुटल्यावर पण, त्यांच्याशी बोला. आणि वाचणाऱ्यांमध्ये कोणाचं गॅरेज, कॅटरिंग, छापखाना, टेम्पो असेल तर एका माणसाला काम देऊन बघा. डोळे झाकून नको, भेटून, बोलून, तुमच्या अटींवर.

आमच्या घरातलं कोणी आत नाही. तरी काही करायचं असेल तर?

तुमच्या मजल्यावर असं घर असेल तर त्यांच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं जाऊ द्या, त्यांच्या पोराला तुमच्या पोराबरोबर खेळू द्या. इथूनच सुरुवात होते आणि आमच्या अनुभवात हेच लोकांना सगळ्यात जड जातं.

वकील असाल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव द्या. वकील नसाल तरी पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारा स्वयंसेवक होता येतं, ट्रेनिंग तेच देतात. पुस्तकं द्यायची असतील तर मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही लागतात, सोप्या भाषेतली आणि मोठ्या टाइपातली आधी, कारण आतल्या बऱ्याच जणांची शाळा लवकर सुटलेली असते, जुने दिवाळी अंक पण चालतात. थेट गेटवर पोती घेऊन जाऊ नका, अधीक्षकांच्या नावाने अर्ज द्या, सोबत पुस्तकांची यादी जोडा, पोच घ्या. परवानगी नाही मिळाली तर दोन महिन्यांनी परत अर्ज करा, अधिकारी बदलले की उत्तर पण बदलतं.